मागच्या खोलीतला डाव

(शहरातल्या गारखेडा भागातलं एक रो-हाऊस, मे महिन्यातली दुपार. मागच्या खोलीच्या दारात सासू द्वारकाबाई. काचेच्या कपाटापुढं सून रत्नमाला.)

द्वारकाबाई: खाल्लं तर खाल्लं. कागदच व्हता ना? शेळी कागद नाय खानार तर काय बिर्यानी खानार?

रत्नमाला: कागद नव्हता तो, आत्या. आमच्या खेळांच्या नियमांचं पुस्तक होतं. परदेशातून मागवलेलं. सहा महिने वाट पाहिली होती मी त्याची.

द्वारकाबाई: मंग आता चांदीला समदे नियम पाठ झाले असतील. तिच्यासंगं खेळ.

रत्नमाला: शेळ्या पोर्चमध्येच राहतील असं ठरलं होतं.

द्वारकाबाई: पोर्चमधली फरशी तापती. खूर भाजत्यात. गाभन हाय ती.

रत्नमाला: म्हणून माझ्या खोलीत सोडायची? आणि माझी अंघोळीची बादली? तीही तिच्यापुढं ढकललीत.

द्वारकाबाई: ढकलली नाय, ठिवली. अर्धी तर ऱ्हायलीय अजून. बादलीभर पान्यानं तू अशी किती उजळनार व्हतीस?

रत्नमाला: सहा दिवसांनी पाणी येतं या नळाला. तेही करंगळीएवढं.

द्वारकाबाई: आमच्या गावात तेवढं जरी आलं असतं, तर तुझ्या उंबऱ्यात पाय ठिवला नसता म्या. पाच शेळ्या घिऊन टेम्पोत बसून आले, ते तुझं तोंड बघायला नाय. छावनीवाले म्हनले, बैल आना, म्हशी आना, शेळीची सोय नाय. शेळी काय हवा खाती व्हय?

रत्नमाला: मग मी काय इथं छावणी उघडलीय?

द्वारकाबाई: खोली तर हाय! पाच शेळ्या निवांत बसतील येवढी खोली, आन भरलीय कशानं? बाहुल्यानं. पत्र्याचे बाहुले, पलास्टिकचे बाहुले, ही विमानं...

रत्नमाला: अंतराळयानं आहेत ती.

द्वारकाबाई: उडत्यात?

रत्नमाला: नाही.

द्वारकाबाई: मंग काय चाटायचीत? गावात लोक इचारत्यात, थोरली सून काय करती? म्या ताठ मानेनं सांगते, जमिनीतून जुनी नानी, खापरं काढती, लई शिकलीय. आन घरी येऊन बघावं तर चाळिशीची बाई फाशे टाकत बसलीय!

रत्नमाला: अडतीस.

द्वारकाबाई: आन पोटच्या पोरीला हात लावू देत नाय. संस्कृती तुझ्या माहेरी निघताना म्हनली, आजी, आई डबे उघडतच नाय गं. लेकरू काचंतून बघतंय आन आईच्या कमरंला किल्ली. खेळनं खेळायला असतं का पूजायला?

रत्नमाला: डबा फोडला की वस्तूची किंमत जाते. आणि मला शिकवू नका. आमच्या घरात खेळणी भावाची होती. तो खेळून उठला की मी आवरायचे. आता माझी आहेत. मी ठरवीन.

द्वारकाबाई: ठरव, ठरव. उद्या तू मेल्यावर दोन-चारशे वर्सांनी कुनी ही खोली उकरली तर काय म्हनंल?

रत्नमाला: काय म्हणेल?

द्वारकाबाई: हितं येक येडी ऱ्हात व्हती म्हनंल.

रत्नमाला: झालं तुमचं? आता माझं ऐका. सोसायटीचे सेक्रेटरी नानासाहेब सकाळी परत येऊन गेले. घरात काय ठेवता ते तुमचं तुम्ही बघा म्हणाले, पण संध्याकाळनंतर पोर्चमध्ये जनावर दिसलं तर महापालिकेची गाडी बोलावणार. म्हणून मी पुंजारामला फोन केलाय.

द्वारकाबाई: कोन पुंजाराम?

रत्नमाला: शेळ्यांचा व्यापारी. ऊन उतरलं की येईल.

द्वारकाबाई: खाटकाला देती व्हय गं माझ्या शेळ्या?

रत्नमाला: व्यापारी म्हटलं मी.

द्वारकाबाई: दुष्काळात शेळी घेनारा व्यापारी ती कुठं नेतो, हे मला सांगतीस? पस्तिसाचा कळप व्हता माझा. तीस अशाच गेल्या, टेम्पोत, येकमेकीच्या अंगावर. ह्या पाच का ठिवल्या ठाव हाय? बियानं म्हनून! पाऊस पडला की ह्या पाचांतून पुन्ना कळप उभा ऱ्हातो. ह्या गेल्या तर म्या गावाकडं जायाचं कशाला? मंग हाय तुझीच चूल आन तुझंच तोंड, मरस्तवर.

रत्नमाला: कृष्णाशी बोलले आहे मी.

द्वारकाबाई: त्यो काय म्हनला? तुमचं तुमी बघा म्हनला आसंल. आन गेला वाळूजला कंपनीत, दुसऱ्या पाळीला. माझं पोट हाय, मला म्हाईत नाय व्हय? आन हे काय टांगलंय भिताडाला? रेघोट्या?

रत्नमाला: हात लावू नका. वेरूळच्या मागच्या डोंगरात खडकावर कोरलेला पट आहे, त्याची नक्कल. वाघ-शेळ्यांचा खेळ.

द्वारकाबाई: तेच म्हनते. आमच्या माळावरच्या खडकावर बी हाय असा.

रत्नमाला: तुम्ही खेळलाय?

द्वारकाबाई: आमी कवा खेळनार? पोरं बसायची खडकावर, वाघ-शेळ्या मांडून. खऱ्या शेळ्या आमच्या डोक्यावर. पर बघून बघून ठाव झालंय समदं. काढ खाली.

रत्नमाला: कशाला?

द्वारकाबाई: डाव मांड. शर्त लाव. जिकंल तिची खोली.

रत्नमाला: आत्या, तुम्ही हराल. दर रविवारी क्रांती चौकात एका मित्राच्या दुकानावर आम्ही दहा-बारा जण खेळायला जमतो. तिथं मला या पटावर कुणी हरवलेलं नाही.

द्वारकाबाई: मंग भ्यायलीस कशाला?

रत्नमाला: भीत नाही. ठीक आहे. मी जिंकले तर पुंजाराम शेळ्या नेईल, आणि तुम्ही एक शब्द काढायचा नाही. तुम्ही जिंकलात तर पाऊस पडेपर्यंत खोली शेळ्यांची.

द्वारकाबाई: आन डाव संपस्तवर?

रत्नमाला: तोपर्यंत शेळ्यांना कोणी हात लावणार नाही. मधेच उठेल तिनं डाव सोडला असं धरायचं.

द्वारकाबाई: पोरीची आन घे.

रत्नमाला: पोरीला मध्ये आणू नका. माझा शब्द आहे. खेळात मी बेइमानी करत नाही.

द्वारकाबाई: त्येवढी घरात करती.

रत्नमाला: बसा. तीन वाघ, पंधरा शेळ्या. शेळ्यांसाठी चिंचोके आणते.

द्वारकाबाई: चिंचोके नगं. माझ्या जिवाची चीज डावावर हाय, तुझीबी लागू दे. त्यो वरला डबा काढ. काचंतून बाहुले दिसायलेत बारके बारके. पंधरा तरी असतील.

रत्नमाला: ते रोबोट आहेत. पंधराच आहेत. पण तो डबा बंद आहे. संस्कृती जन्मायच्या आधीपासून बंद आहे.

द्वारकाबाई: म्हनूनच काढ.

रत्नमाला: दुसरं काहीही देते.

द्वारकाबाई: चांदीच्या बदली दुसरं कायबी चालतंय का तुझ्या पुंजारामला? नाय ना? मंग काढ. फाडतीस का म्या फाडू?

रत्नमाला: मी उघडते, कडेनं, हळू... आत्या! आत्या, सोडा!

द्वारकाबाई: फाडला. बघ, कुनी मेलं नाय. आन वाघ कुठले?

रत्नमाला: हे तीन.

द्वारकाबाई: हे वाघ व्हय? पालीवानी दिसत्यात.

रत्नमाला: डायनासोर आहेत. आता नीट ऐका, नंतर भांडायचं नाही. तुम्ही एकेक शेळी रेघांच्या जोडावर मांडायची. तुम्ही एक मांडली की मी एक वाघ हलवणार. वाघापुढं शेळी असेल आणि तिच्यामागं जागा मोकळी असेल, तर वाघ उडी मारून तिला खातो. सहा खाल्ल्या की मी जिंकले. तिन्ही वाघ हलता येणार नाहीत असे कोंडलेत, तर तुम्ही जिंकलात.

द्वारकाबाई: ठाव हाय म्हनलं ना. ही घे येक. ही दुसरी, तिच्याच शेजारी. काय बघायलीस? हलव तुझी पाल.

रत्नमाला: हलवली.

द्वारकाबाई: ही तिसरी. त्या फळीवरल्या जाड पुस्तकात काय हाय गं? काल भाकरी टाकायच्या टायमाला नाक खुपसून बसली व्हतीस.

रत्नमाला: गोष्ट आहे. एका ग्रहावरचं पाणी संपतं. माणसं एका मोठ्या यानात बसून निघतात, दुसरी जमीन शोधायला. बरोबर काय न्यायचं, यावरून सगळी भांडतात.

द्वारकाबाई: शेळ्या नेत्यात का?

रत्नमाला: नाही.

द्वारकाबाई: मंग मरतील समदी. अडानी हायेत. लिहिनाराबी अडानी. ही घे, आनखी येक.

रत्नमाला: तुम्ही सगळ्या एकाच कोपऱ्यात मांडताय. वाघाला कोंडायचं असेल तर पसरायला हवं.

द्वारकाबाई: कळप फोडायचा नसतो. फुटला की लांडगा कडंची पहिली उचलतो.

रत्नमाला: हा खेळ आहे.

द्वारकाबाई: तुझ्यासाठी.

रत्नमाला: बरं. मग ही कडेची खाल्ली.

द्वारकाबाई: आं? कशी काय? ठिव मागं! म्या अजून बोट उचललं नव्हतं.

रत्नमाला: उचललं होतं. खाल्लेली शेळी परत येत नाही.

द्वारकाबाई: सासूची शेळी खाताना हात कापला नाय तुझा.

रत्नमाला: वाघानं खाल्ली. मांडा.

द्वारकाबाई: मांडते. ही घे. आन ही.

रत्नमाला: एका वेळी एक.

द्वारकाबाई: दिसत नाय का, चिकटली व्हती बोटाला. हं. आता?

रत्नमाला: आता दुसरी खाल्ली. तुम्ही ही शेळी तिकडं मांडून मुद्दाम खायला दिली असतीत ना, तर माझा वाघ त्या टोकाला अडकला असता. कधी कधी एक द्यावी लागते.

द्वारकाबाई: दिल्या की. तीस दिल्या. कोनता वाघ अडकला?

रत्नमाला: ...मी पटावरचं बोलतेय.

द्वारकाबाई: म्या बी पटावरचंच बोलायलेय. मांडल्या बघ समद्या. झाल्या पंधरा.

रत्नमाला: त्यातल्या ही आत्ता खाल्लेली धरून तीन माझ्या हातात आहेत. आता मांडणं संपलं. आता शेळ्या हलवायच्या. चला, तुमची पाळी.

द्वारकाबाई: म्या नाय हलवत. तू हलव.

रत्नमाला: अशी सूट नसते.

द्वारकाबाई: का? माझ्या बऱ्या हायेत जाग्यावर. येकमेकीला चिकटून हायेत, मागं भिताड हाय. तुझ्या पालीला तोंड घालायला फट नाय. बसू दे की बसल्यात तर.

रत्नमाला: बऱ्या असल्या तरी. पाळी आली की हलावंच लागतं.

द्वारकाबाई: कुनी केला ह्यो नियम?

रत्नमाला: माहीत नाही. ज्यानं पट कोरला त्यानं.

द्वारकाबाई: त्यालाबी कुनीतरी जाग्यावरून उठवलं असंल. म्हनून कोरत बसला.

रत्नमाला: हलवा, आत्या.

द्वारकाबाई: हलवते गं! गळा नगं काढू. ही घे.

रत्नमाला: चार.

द्वारकाबाई: तुझं खोदकाम बंद हाय ना औंदा?

रत्नमाला: त्याचा इथं काय संबंध?

द्वारकाबाई: इचारलं. का बंद हाय?

रत्नमाला: तिथं पाणी नाही. मजुरांना प्यायलाच नाही, मग तंबू उठवले. मातीतून एक मेंढा नुकताच वर येत होता. मातीचाच, चाकांचा. कुणा पोराचं खेळणं. अर्धा मोकळा केला आणि तसाच पुन्हा माती टाकून झाकून आले.

द्वारकाबाई: म्हंजी पाळी आली, तुलाबी हलावं लागलं.

रत्नमाला: हो.

द्वारकाबाई: आन त्याचा राग माझ्या शेळ्यांवर.

रत्नमाला: तुमची खेळी झाली का?

द्वारकाबाई: झाली. ही सरकवली.

रत्नमाला: पाच.

द्वारकाबाई: तोंडातून हूं नाय, चूं नाय, नुसती आकडे बोलती. कसाईन हाय नुसती.

रत्नमाला: तुम्हीच म्हणालात, शर्त लाव. आता बघा. तुमच्या दहा उरल्यात. यातली कुठलीही हलवा, मागची जागा मोकळी होते आणि मी एक खाते. ती सहावी. डाव संपला.

द्वारकाबाई: ही हलवली तर?

रत्नमाला: तर ही जाते.

द्वारकाबाई: आन ही मधली?

रत्नमाला: तर तिच्या पुढची. मी खोटं सांगत नाही. हवं तर बोट ठेवून बघा.

द्वारकाबाई: आन ही? हिची सोंड मोडकी हाय, ही मोडक्या सोंडंची?

रत्नमाला: सोंड नाही, हात आहे तो. तुम्ही डबा फाडताना मोडला. तीही जाते.

द्वारकाबाई: हिला म्या चांदी धरली व्हती.

रत्नमाला: कुठलीही धरा. हलवा.

द्वारकाबाई: हलवते.

रत्नमाला: हलवा ना.

द्वारकाबाई: इचार करायलेय.

पुंजाराम: ओ वैनी! हाय का कोनी घरात? पुंजाराम आलोय, गाडी लावलीय भाईर.

रत्नमाला: खिडकीशी या, मागच्या बाजूला. जरा थांबा, झालंच आहे. आत्या, हलवा.

द्वारकाबाई: पाळी माझी हाय ना?

रत्नमाला: हो.

द्वारकाबाई: पाळी आली की हलवावंच लागतं. बराबर. कवा हलवावं लागतं?

रत्नमाला: म्हणजे?

द्वारकाबाई: म्हंजी किती येळात? मांडताना सांगितलं व्हतंस?

रत्नमाला: ...नाही.

द्वारकाबाई: त्या खडकावर कोरलंय?

रत्नमाला: नाही. पण आमच्यात वेळ मोजतात. सगळ्याच खेळांना तोच नियम लावतो आम्ही.

द्वारकाबाई: कुठं लिहिलाय? दाखव.

रत्नमाला: त्या पुस्तकात.

द्वारकाबाई: कोनत्या?

रत्नमाला: चांदीनं खाल्लं त्या.

द्वारकाबाई: मंग तिला इचार.

पुंजाराम: काय मामला हाय वैनी? लई उनाचं आलोय. शेळ्या तर पोर्चमधीच दिसल्या मला. सोडू का दावं?

द्वारकाबाई: दाव्याला हात लावून दाखव रं! हितून उठत नाय म्या, पर तुझ्या आईला ऐकू जाईल आसं वरडन!

रत्नमाला: हात लावू नका, पुंजाराम.

पुंजाराम: आं? तुमीच बुलावलं ना मला?

रत्नमाला: हो. पण डाव चालू आहे.

पुंजाराम: कसला डाव?

द्वारकाबाई: वाघ-शेळ्या. दिसत नाय व्हय जाळीतून?

पुंजाराम: हे... हे काय, बाहुले घिऊन? बरं. आन जिकलं कोन?

रत्नमाला: कुणी नाही अजून. यांची पाळी आहे.

पुंजाराम: वैनी, म्या बी लहानपनी खेळलोय थोडा. हितून दिसायलंय मला. म्हातारीचं काय ऱ्हायलं नाय ह्याच्यात. कोनतीबी हलवली तरी खलास.

रत्नमाला: हलवली तर. अजून हलवलेली नाही.

पुंजाराम: मंग मी कवर थांबू? खाली-पिली टाईम जायलाय माझा. भाव वाढवून पायजे का? तसं सांगा सरळ.

रत्नमाला: भाव नको. डाव संपेपर्यंत शेळ्यांना हात लावायचा नाही, असा शब्द दिलाय मी. त्यांनी हलवलं की फोन करते.

पुंजाराम: आन नाय हलवलं तर?

रत्नमाला: तर नाही करत.

पुंजाराम: कमाल हाय. शिकलेली मानसं. जातो मी. पुन्ना बुलावू नका.

द्वारकाबाई: गेला का?

रत्नमाला: गेला. आणि हसू नका.

द्वारकाबाई: कोन हसतंय? आन म्या काय तुझे उपकार मागितले नायत.

रत्नमाला: मी केलेही नाहीत. तुम्ही हरलेल्या आहात, आत्या. फक्त हललेल्या नाहीत.

द्वारकाबाई: तेच म्हन की. तुझी पाल तोंड वासून बसलीय, बसू दे तिला. पाऊस पडला की हलवीन.

रत्नमाला: तोवर इथंच बसणार?

द्वारकाबाई: मला कुठं रविवारी क्रांती चौकात जायाचं हाय?

रत्नमाला: आणि नानासाहेब येतील त्याचं काय? संध्याकाळनंतर पोर्चमध्ये जनावर दिसता कामा नये.

द्वारकाबाई: येऊ दे. तुझ्याकडंच येतील. ऊन कललं बघ. शेळ्यांना पानी दाखवायची येळ झाली.

रत्नमाला: मग जा, दाखवा.

द्वारकाबाई: म्या उठले की डाव सोडला म्हनशील.

रत्नमाला: म्हणेन.

द्वारकाबाई: मंग तू ऊठ.

रत्नमाला: कुठलं पाणी दाखवू? पिंप रिकामं आहे.

द्वारकाबाई: तुझ्या बादलीत हाय ना अर्धं. आन चांदीला आधी. ती पिल्याबिगर दुसरीला तोंड घालू देऊ नको.

रत्नमाला: ओरडताय का? ऐकू येतंय मला.

द्वारकाबाई: आन पोर्चमधी नगं पाजू, सगळी गल्ली बघती. मागल्या बोळातून आन त्यांना. हितं दार हाय ना.

रत्नमाला: आणते. थांबा, खालच्या फळीवरची पुस्तकं आधी वर घेऊ द्या.